समाधानाचा अंगठा

७ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद वगैरे सगळं पोचलं असं समज. सून म्हणते, पत्राची सुरुवात तशी करावी लागते. मी म्हटलं, फोनवर मी आधी आशीर्वाद देते का? आधी भांडते. मग पत्रातही तसंच होऊ दे.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, फोन गेलाय. परवा रविवारी चारला आपण बोलत होतो, तू 'आक्का, ऐक ना' म्हणालीस आणि खट्ट. पुढे आत नुसतं शू शू. मला वाटलं रुसलीस. तुझ्या आवाजाला मी फुटका पत्रा म्हटलं ना, त्याचा राग आला असेल. पण चिमणे, दीड महिना झाला तुझा घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या कर आणि चार दिवस तोंड मिटून बस. जन्मभर त्या घशाला एक सुट्टी दिली नाहीस, त्याने संप केला असेल.

इकडे कोपऱ्यावर फोन कंपनीने खड्डा खणलाय. कंबर मोडल्यापासून मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतच असते, तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. चार माणसं आली. एकाने खणलं, तिघांनी बघितलं. मग चौघांनी मिळून चहा प्यायला आणि गेले ते गेलेच. आता त्या खड्ड्यात एक कुत्रा झोपतो. आपला फोन बंद, खालच्या शिंप्याचा बंद, कोपऱ्यावरचा पैसे टाकून बोलायचा फोनही बंद.

सून कंपनीत जाऊन तक्रार देऊन आली. तक्रारीला म्हणे नंबर मिळाला, चांगला अकरा आकडी. मी म्हटलं, तिला राहायला घर मिळालं, आता ती कशाला तिथून हलतेय.

तुला ठाऊक आहे, मला अक्षर येत नाही. माझं वाचणं-लिहिणं सगळं त्या काळ्या डब्यात. तो मुका झाल्यापासून मला सुनेची मनधरणी करावी लागते. दिवसभर कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून ती दमून येते, आणि मग मी तिला बसवते लिहायला. आत्ता ती थांबून माझ्याकडे बघतेय. म्हणते, आई, हळू सांगा, माझा हात आहे, मशीन नाही. हेही लिही म्हटलं. लिहिलंन.

तर 'ऐक ना'च्या पुढचं काय होतं ते लिहून पाठव. दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय.

आक्का
(अंगठा)

११ नोव्हेंबर

ती. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की घरातले धावत आले. सुनेला सांग, तिने एकही शब्द गाळलेला नाही हे मला कळलं. अगदी तू समोर बसून माझी अक्कल काढतेयस असं वाटलं.

माझा घसा बरा आहे. आवाज तेवढा अजून बसलाय. गुळण्या चालू आहेत.

'ऐक ना'च्या पुढचं आता आठवत नाही गं. काहीतरी फुटकळ असेल.

पण फोनचं मनावर घे. मला तुझ्याशी या महिन्यातच बोलायचंय. का म्हणून विचारू नकोस. तुझ्याशी भांडल्याला बरेच दिवस झाले, जेवण पचत नाही. कंपनीच्या मागे लाग. आणि ते जमत नसेल तर सुनेबरोबर दुसरीकडे कुठून तरी फोन कर. हट्ट करू नकोस, मी तुला ओळखते.

तुझी
चिमणी

(सोबत वेगळी घडी केलेली चिठ्ठी)

सूनबाई, ही चिठ्ठी आक्काला वाचून दाखवू नकोस. तुला माझी शपथ आहे.

माझ्या घशात गाठ निघाली आहे. अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. सगळं स्वरयंत्रच काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जगाल, पण बोलता येणार नाही. कधीच नाही.

त्याआधी एकदा मला तिच्याशी बोलायचंय. पण तिला कळलं तर ती रडेल, आणि शेवटचं बोलणं रडण्यात जाईल. ते मला नको. मला ती नेहमीसारखी हवी, टोमणे मारणारी. शिवाय ती मोडकी कंबर घेऊन गाडीत बसायला निघेल, ते वेगळंच. चोवीसला मी दवाखान्यात भरती होईन. वॉर्डातून बाहेर फोन करू देत नाहीत. बाहेरचा आलेला घेता येतो, तोही चार ते पाच. नंबर मागे लिहिला आहे. काहीही कर आणि फोन सुरू करून घे.

मावशी

(छापील कार्ड)

दि. १३ नोव्हेंबर

महोदय/महोदया,

आपल्या दूरध्वनीच्या तक्रारीसंदर्भात कळविण्यात येते की, सदर बिघाड दूर करण्यात आला असून ग्राहकाने तसे प्रमाणित केले आहे. खातरजमेसाठी आपल्या दूरध्वनी क्रमांकावर तीन वेळा संपर्क साधण्यात आला. प्रतिसाद न मिळाल्याने आपली काही हरकत नाही असे गृहीत धरून तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

आपले समाधान हेच आमचे समाधान.

ग्राहक सेवा विभाग

१५ नोव्हेंबर

चिमणे,

कंपनीचं कार्ड आलं. सुनेने मला ते तीनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं ती थट्टा करतेय. म्हणे तुमचा फोन सुरू झाला की नाही हे बघायला आम्ही तुम्हाला फोन केला. बंद फोनवर! आणि तुम्ही उचलला नाहीत, म्हणजे तुमची काही तक्रार नाही. मेलेल्या माणसाला हाक मारायची, आणि ओ दिली नाही की लिहून टाकायचं, प्रकृती उत्तम.

सून काल पुन्हा गेली. ही तिसरी खेप. चार नंबरच्या खिडकीवरचा बाबा म्हणाला, आमच्या वहीत तुमचा फोन चालू आहे. ही म्हणाली, घरात बंद आहे. तो म्हणाला, घरातलं मला काय माहीत, मी वही बघतो. सात नंबरवर जा. सात नंबरवर एक बाई नखं बघत होती. ती म्हणाली, बंद आहे तर फोन करून सांगायचं ना, प्रत्यक्ष येणाऱ्यांचा फॉर्म वेगळा. तो कुठे मिळतो? चार नंबरवर. चार नंबरचा जेवायला गेलेला.

'ग्राहकाने प्रमाणित केले' म्हणजे काय, असं सून मला खोदून खोदून विचारतेय. मला काय ठाऊक? इकडे चिटपाखरू फिरकलेलं नाही. आता म्हणते, आई, तुमचा अंगठा निळा कसा? म्हटलं, तुझीच शाईची बाटली पुसून ठेवली, उपकार मान. संशयी आहे बाई. दिवसभर गल्ल्यावर खोट्या नोटा बघून बघून माणसंही उजेडात धरते.

आणि तू काय गं, या महिन्यातच बोलायचंय म्हणतेस? पुढच्या महिन्यात काय तुला दातखीळ बसणार आहे? वर 'का' विचारू नको म्हणतेस, तेव्हा नक्की काहीतरी शिजतंय. लहानपणी दौत फोडलीस तेव्हाही असंच गोड बोलत होतीस.

आक्का
(अंगठा)

मावशी, हे मागच्या बाजूला माझं मी लिहितेय. आई झोपल्यात असं नाही, समोरच बसल्यात, मी हिशेब लिहितेय असं सांगितलंय. आमच्या मालकांनी दुकानातल्या फोनला कुलूप लावलंय. पण मोठ्या टेलिफोन ऑफिसात बोलायच्या खोल्या आहेत, रविवारी बंद, शनिवारी दुपारपर्यंत उघड्या असतात. शनिवारी दुकानातून तासाभराची सुट्टी काढून तिथून तुम्हाला करते. आईंना तिथे न्यायचं तर तीन मजले उचलून उतरवावं लागेल. त्या तयार होत नाहीत. मी त्यांना खरं सांगू का?

१८ नोव्हेंबर

सूनबाई,

आज तुझा फोन आला, बरं वाटलं. तू मधे रडलीस ते मला आवडलं नाही, म्हणून मी ठेवला. आक्काही अशीच रडेल, म्हणून सांगायचं नाही. शपथ मोडलीस तर मी मेल्यावरही तुझ्याशी बोलणार नाही. (मेल्यावर कशाला, अठ्ठावीसनंतरच नाही बोलणार. हसलीस का?)

सोबतचा कागद तिला वाचून दाखव.

ती. आक्का,

बास झाला आता तुझा खड्डा आणि कुत्रा. सून म्हणते मोठ्या ऑफिसातून फोन लागतो. खुर्चीत बसून खाली उतर आणि मला फोन कर. चोवीसनंतर मी घरी नसेन, एका मैत्रिणीकडे चार दिवस राहायला जातेय. तिथला नंबर सुनेला दिलाय. चार ते पाच या वेळातच कर, मैत्रीण जरा कडक आहे. एवढं माझं ऐक.

चिमणी

२१ नोव्हेंबर

चिमणे,

तुझ्या त्या कडक मैत्रिणीला माझा नमस्कार. जन्मात तिचं नाव ऐकलं नाही.

मी येणार नाही. मला खुर्चीत घालून चौघांनी उचलायचं आणि भर बाजारातून न्यायचं? त्याला अजून अवकाश आहे, आणि तेव्हा मी काही म्हणणारही नाही. कंबर मोडली तेव्हा एकदा मला असं नेलंय. खालच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली होती. लोक माझ्याकडे वरून बघत होते. मी कधी कोणाकडून वरून बघून घेतलेलं नाही.

आणि कशासाठी? तुझा फुटका पत्रा ऐकायला? तो काय पळून चाललाय? माझ्या घरात माझा फोन आहे. तो कंपनीने बंद पाडला, कंपनीच सुरू करील. मी त्यांच्या दारात जाऊन का उभी राहू? असं आपणच पाय काढला की त्यांचं फावतं. सून परवा पाचव्यांदा जाऊन आली. आता म्हणतात, एकदा निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडत नाही. नवीन करा, सात कामकाजाचे दिवस लागतात. सात तर सात. मी कुठे पळतेय आणि तू कुठे पळतेयस?

सून दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. काल जेवताना म्हणाली, आई, एकदा ऐकलं असतंत तर बरं झालं असतं. ताट तसंच टाकून उठली. मी काय केलं? कंपनीवरचा राग माझ्यावर काढते. आत्ता हे लिहितानासुद्धा कागदावर पेन असं दाबतेय की पलीकडून निघेल.

डिसेंबरात बोलू. भांडण साठवून ठेव.

आक्का
(अंगठा)

२४ नोव्हेंबर

मावशी,

हे पत्र तुम्हाला वॉर्डात मिळेल, मिळालं तर. मी तुमची शपथ मोडली.

आज मी कंपनीच्या साहेबांच्या खोलीत घुसले. शिपाई मागे धावत आला, मी खुर्चीच धरून ठेवली. शेवटी साहेबांनी फाईल काढून माझ्यापुढे टाकली. बघा म्हणाले, बिघाड दूर झाल्याचं तुमच्याच घरून लिहून दिलंय. खाली आईंचा अंगठा होता. मावशी, तो मी ओळखते. मधे आडवी चीर आहे, विळीची. प्रत्येक पत्राखाली मीच तो घेते.

दहा तारखेला मी दुकानात असताना लाईनमन येऊन गेला होता. आईंनी मला सांगितलंच नाही. कागद मला दाखवल्याशिवाय कुठे अंगठा द्यायचा नाही, हे मी त्यांना शंभरदा बजावलंय. त्या अंगठ्याने दोन आठवडे गेले. मी प्रत्येक खिडकीवर ओरडत होते की आमच्याकडे कोणी आलं नाही, आणि ते माझ्याकडे खोटारडी म्हणून बघत होते.

घरी आले आणि माझा तोल गेला. सगळं बोलून टाकलं. गाठ, ऑपरेशन, आवाज, सगळं. मग मलाच भीती वाटली. पण त्या रडल्या नाहीत. एकच विचारलं, "तू तिच्याशी बोललीस?" मी हो म्हटलं. "कसा होता आवाज?" मी म्हटलं, बसलेला, पण तुमच्यासारखाच. त्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "खुर्ची काढ."

उद्या शनिवार, महिन्याचा चौथा, ऑफिस बंद. परवा रविवार. सोमवारी आणते. चार वाजता फोनजवळ बसा.

सून

२८ नोव्हेंबर, सकाळ

चिमणे,

आत्ता तुला आत नेलं असेल. हे पत्र मी सुनेला सांगतेय, पण तिच्याशी मी बोलत नाही. तीही माझ्याशी बोलत नाही. नुसती लिहितेय.

आधी अंगठ्याचं सांगते. तो आला तेव्हा मी एकटी होते. भला दिसला. जिना चढून धापा टाकत होता, मी पाणी दिलं. त्याने फोन उचलून कानाला लावला, म्हणाला, हो आजी, बंदच आहे. मग कागद पुढे केला. म्हणाला, हा दिल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. मी कागद हातात घेतला आणि वाचल्यासारखं केलं. वरून खाली डोळे फिरवले, मान हलवली. सत्तर वर्षं झाली, मला हे सोंग छान येतं. वर म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. तो म्हणाला, मग अंगठा चालेल, आणि खिशातून शाईचं पॅड काढलं. बघ, त्याने ओळखलं होतं. त्या कागदावर काय आहे एवढं विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का माझं? पण विचारलं की कळतं, हिला येत नाही. मला वाटलं, अंगठा दिला की तुझा आवाज येईल. म्हणून दिला. मग सुनेला सांगायची लाज वाटली. एवढंच.

काल मला खाली उतरवलं. शिंपी, त्याचे दोन कारागीर आणि दूधवाला. सगळी दारं उघडली होती. मी कोणाकडे बघितलं नाही.

साडेतीनला पोचलो. बोलायच्या तीन खोल्या. दोन खोल्यांवर कागद चिकटवलेला. सुनेने वाचला, 'नादुरुस्त'. फोन कंपनीच्या स्वतःच्या घरात फोन बंद, चिमणे. तिसरीपुढे रांग. माझ्या खुर्चीला कोणी पुढे सोडलं नाही. खिडकीवरचा म्हणाला, आजींनी नंबरात बसावं, बसलेल्याच आहेत की. लोक हसले. मीसुद्धा हसले असते, दुसऱ्या कोणाला म्हणाला असता तर.

आमची पाळी आली तेव्हा वीस मिनिटं उरली होती. सुनेने नंबर फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावला. आत एक बाई. काय गोड आवाज! म्हणाली, या मार्गावरील सर्व लाईन व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. मी म्हटलं, बाई, थोडा वेळच तर नाही. ती पुन्हा तेच. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण आहे, उद्या तिचा गळा कापणार आहेत, तुम्हाला एवढा छान गळा दिलाय, जरा ऐका. ती पुन्हा तेच. सून म्हणाली, आई, ती माणूस नाही, तबकडी आहे. आम्ही अकरा वेळा लावला. अकरा वेळा तीच. मला तुझा आवाज हवा होता आणि कंपनीने मला तिचा ऐकवला.

बाराव्यांदा लागला. तुझी ती कडक मैत्रीण आली, नर्स. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणाली, वेळ चार ते पाच. मी हात जोडले, फोनवर दिसत नाहीत हे लक्षात आलं, तरी जोडले. ती म्हणाली, पेशंटला झोपेचं औषध दिलंय, पावणेपाचपर्यंत त्या इथेच स्टुलावर बसून होत्या. मी म्हटलं, झोपली असेल तर असू दे, फोन तिच्या तोंडाशी धर, तिचं घोरणं ऐकव मला. तिने ठेवला.

मी तुला शाळेत सोडायला यायचे, आणि घरचं उरकून सुटायच्या आधीच येऊन बाहेर पायरीवर बसायचे. आईला घरात माझे हात लागत, म्हणून मला आत बसवलं नाही. पण आतून तुझा आवाज यायचा, सगळ्या पोरींत वरचा. बाहेर बसून मी तो ओळखायचे. काल मी पुन्हा बाहेरच बसले होते, आणि आतून काही आलं नाही.

तू त्या रविवारी 'आक्का, ऐक ना' म्हणालीस, तेव्हा हेच सांगणार होतीस ना? आणि नंतर तुझी हिंमत झाली नाही. तेवढं खरं सांग.

आक्का
(अंगठा)

९ डिसेंबर

ती. आक्का,

बसता येतंय. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. पाटी-पेन्सिल दिलीय, लहानपणीसारखी. घरातल्यांना हाक मारायची तर वाटीवर चमचा वाजवते. हाक मारायला एवढं भांडं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी पावणेपाचपर्यंत बसले होते. तू येणार हे सुनेच्या पत्रामुळे ठाऊक होतं. औषधाने डोळे मिटायला लागले तेव्हा मला उचलून नेलं.

सुनेवर रागावू नकोस. शपथ मी घातली होती. मी तुला लगेच सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी खुर्चीत बसली असतीस. मला भांडण हवं होतं, रडणं नको होतं. शेवटी काहीच मिळालं नाही. ही माझी चूक. तुझ्या अंगठ्याची तू बघ, कंपनीची कंपनी बघेल, तसं ती बघत नाही म्हणा.

'ऐक ना'चं आठवलं. मी खोटं सांगत नाही, आक्का. गाठीचं सांगणार नव्हते. चुलीवर दूध उतू चाललं होतं. 'आक्का, ऐक ना, जरा थांब, दूध उतरवून येते.' एवढंच. परत आले तर फोन बंद.

तुझा सुरू झाला की सुनेला कार्ड टाकायला सांग. मी रविवारी चारला लावीन. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

चिमणी

१८ डिसेंबर

चिमणे,

फोन सुरू झाला. बुधवारी तोच आला, तेच पॅड घेऊन. वर पाणीसुद्धा प्यायला नाही, खालीच जिन्यातली पेटी उघडली. एक तार सुटली होती म्हणे. आपली आणि शिंप्याची. खड्ड्याचा काही संबंधच नव्हता. खड्डा दुसऱ्याच कोणाचा होता. कोपऱ्यावरचा फोन तर नाणी अडकून बंद पडला होता. सुनेने घड्याळ लावून बघितलं, सहा मिनिटं लागली. गेल्या वेळी तो पेटीसमोरून दोनदा गेला होता, चढताना आणि उतरताना.

मग कागद काढला. म्हणाला, आजी, समाधान झालं म्हणून इथे अंगठा. मी म्हटलं, माझी लेखनिक आहे घरात, आधी वाचू दे. सुनेने मोठ्याने वाचलं. 'सेवेबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.' मी म्हटलं, त्याच्यावर काट मार आणि मी सांगते ते लिही. तिने लिहिलं. 'बहीण बोलत होती तेव्हा फोन बंद होता. ती मुकी झाल्यावर सुरू झाला.' ते दोनदा वाचून घेतलं आणि मग खाली अंगठा दिला, ठसठशीत.

तो कागद बघत राहिला. म्हणाला, आजी, फॉर्म खराब केलात, हा वर चालणार नाही, माझ्यावर येईल. मी म्हटलं, मग तक्रार कर. सात कामकाजाचे दिवस लागतात. चार नंबरच्या खिडकीत विचार.

वाईट वाटलं नंतर. तोही जिने चढून दमलेलाच असतो. पण परत बोलावलं नाही.

काल चारला घंटा वाजली. मी 'चिमणे' म्हटलं आणि तू टक् केलंस. दुखतं का म्हटलं, तू टक् टक् केलंस. खोटं बोलतेस का म्हटलं, बराच वेळ काही नाही, मग टक्. त्यानंतर अर्धा तास मीच बोलले. खड्डा, कुत्रा, शिंपी, सूनबाईची तोंडं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला मधे तोडलं नाहीस. मला नाही आवडलं.

सून म्हणते, आई, आता तरी अक्षरं शिका, मावशींची पत्रं स्वतः वाचाल. मी म्हटलं, नको. तुझ्या तोंडून ऐकते तेव्हा निदान कुणाचा तरी आवाज असतो. त्यावर ती उठून आत गेली आणि आता डोळे पुसून परत आलीय. हे लिही म्हटलं तर लिहीत नव्हती. लिहिलंन.

आणि ते दूध. म्हणजे तुझं शेवटचं मला सांगायचं राहिलं ते 'जरा थांब' होतं. बरं झालं सांगितलंस. पण चिमणे, ते न सांगताच मी केलं होतं. त्या रविवारी फोन गेला तरी मी तो कानाला लावून बसले होते. सून दुकानातून येईपर्यंत.

आक्का
(अंगठा)